हिरव्या-पिवळ्याचा पट

आमच्या घरी तो काळा डबा आला आणि मायच्या हातची भाजी करपायला लागली, असं मी आजही चारचौघांत सांगतो. माय जवळ बसलेली असली तर म्हणते, "लबाड हाय हा एक नंबरचा." पण भाजी करपत नव्हती, असं काही ती म्हणत नाही.

डबा म्हणजे व्हिडिओगेम. तोही नवा कोरा नव्हे. माझा मामेभाऊ बंटी नागपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. त्यानं तो कुणाकडून तरी जुना घेतला होता, आणि स्वतःकडं त्याहून नवा आल्यावर हा पोत्यात गुंडाळून एसटीनं आमच्या नवेगावबांध या गावी आणून टाकला. डब्याची डीव्हीडी वाचायची खोबण केव्हाच मेली होती. "मंग हे चालते कायनं बे?" मी विचारलं. बंटीनं जादूगारासारखी बाही वर केली आणि खिशातून दोन बोटं रुंदीचं मेमरी कार्ड काढलं. "कंपनीनं याले कुलूप लावून देल्लं होतं. आमच्यासारख्या रिकामटेकड्या पोट्ट्यायनं किल्ली घरीच घडवली. हे कार्ड लावलं का डबा कंपनीचं आयकत नाही, आपलं आयकते." कार्ड लावलं, पेन ड्राइव्ह खुपसला, आणि आमच्या जाडजूड टीव्हीच्या काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांची यादी उगवली. एकेकाळी जगभरच्या पोरांनी ज्यांच्यावर अंगठे झिजवले होते, ते उड्या मारायचे सगळे जुने खेळ कुणीतरी भल्या माणसानं बसून गोळा केले होते आणि एकाखाली एक लावून ठेवले होते. आमच्या गावात तेव्हा मोबाईलवर फक्त साप धावत होता. मला तर स्वर्गाचं हजेरीपत्रक वाचल्यासारखं वाटलं.

त्या यादीतला एकच खेळ आमच्या घराला चिकटला. त्यात दोन बुटके गडी होते, एक हिरव्या चड्डीतला, एक पिवळ्या. त्यांना खरी नावं असणारच, पण ती भलत्याच लिपीत होती, त्यामुळं आमच्याकडं त्यांचं बारसं हिरव्या आणि पिवळ्या असंच झालं. हिरव्या ताईचा, पिवळ्या माझा. ताई म्हणजे माझी मोठी बहीण वर्षा, डी.एड. करून शिक्षिकेच्या जागेची वाट बघत घरी होती. दोघांनी मिळून डावीकडून उजवीकडं जायचं, इतकाच खेळ. वाटेत खड्डे, काटे, हलत्या फळ्या, आणि काही कारण नसताना डोक्यात पडणारे दगड. खोच अशी की पडदा पुढच्या गड्याबरोबर सरकायचा. मागचा मागंच राहिला तर पडद्याची डावी कड त्याला ढकलत न्यायची, आणि मध्ये खडक आला की चिरडून टाकायची. त्यात प्राण दोघांचे सामायिक. वरच्या कोपऱ्यात लाल बदामांची रांग असायची. कुणीही मेला तरी त्याच रांगेतला एक बदाम जायचा. नुसतं खड्ड्यात पडलं तर मात्र बदाम जायचा नाही, गडी परत अलीकडच्या काठावर उगवायचा. आम्ही त्या रांगेला ढोली म्हणायचो. घरात धान भरायची ढोलीही एकच होती, आणि सगळ्यांच्या पोटाचं त्यातूनच निघायचं.

ताई माझ्याहून कितीतरी चांगली खेळायची. ती खड्डा ओलांडून पलीकडं जायची आणि रिमोट मांडीवर ठेवायची. बटण दाबलं नाही की थोड्या वेळानं हिरव्या आपोआप खाली बसायचा आणि खड्ड्यात पाय सोडून ते हलवायला लागायचा, अगदी तलावाच्या पाळीवर बसलेल्या पोरासारखा. तेवढ्या वेळात ताई दोन उकडलेले शिंगाडे सोलून तोंडात टाकायची. "ये आरामात," म्हणायची. मी तीनदा पडायचो, चौथ्यांदा पोहोचायचो, आणि पोहोचल्यावर सगळा पराक्रम माझाच असल्यासारखी आरोळी ठोकायचो.

घरच्या किल्लीची आणखी एक करामत होती. खेळ चालू असताना दोन बटणं एकदम दाबली की तो क्षण जसाच्या तसा कार्डावर राहायचा; उद्या, परवा, केव्हाही तिथूनच पुढं खेळा. मूळ खेळात ही सोय नव्हती. आम्ही याला खुंटी मारणं म्हणायचो. वीज आमच्याकडं पाहुण्यासारखी यायची आणि चहा न घेताच निघायची, म्हणून ताई प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी न विसरता खुंटी मारायची. टीव्ही सपरीत होता, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, आणि सपरीला लागून चूल. खेळाची टुणटुण सुरावट दिवसभर ऐकून मायच्या तोंडात बसली होती. ती लाखोळीच्या डाळीचे वडे थापताना तीच गुणगुणायची, आणि हिरव्या खड्ड्याजवळ आला की वडा हातात तसाच राहायचा. "उडी मार वो माय, उडी मार!" मग तेलाचा वास बदलायचा. करपण्याचा उगम तो असा.

बाबा मात्र या सगळ्याकडं पाठ करून बसायचे. ते पटाचे माणूस. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. बाबांनी तरुणपणी स्वतः जोडी पळवली होती, कबऱ्या आणि लाल्या. लाल्या तेज, कबऱ्या जरा दमानं घेणारा. एका पटात लाल्यानं अशी ओढ घेतली की छकडं आडवं होऊन शेजारच्या धानाच्या बांधीत गेलं आणि बाबांचा डावा खांदा निखळला. तो पुढं कधी सरळ झाला नाही. हा खांदा आम्ही लहानपणापासून बघत होतो. थंडी पडली की ते तो चोळायचे, आणि चोळता चोळता पटाच्या गोष्टी सांगायचे. गोष्टीत नेहमी पुढची जोडी जिंकायची.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी जिलेबी, ऊस, शिंगाड्यांचे ढीग, फुगे, दंडार नावाच्या लोकनाट्याचे ढोल, आणि घरोघरी इतके पाहुणे की चप्पल शोधायला वेगळा माणूस लागतो. लग्नाच्या पोरापोरींची पाहणीही याच गर्दीत उरकते. "मंडई पाहाले आलो," असं पाहुणा म्हणाला की तो काय पाहायला आला हे ज्याला त्याला कळतं. त्या वर्षी मावसाजींनी गोंदियाचं एक स्थळ आणलं. मुलगा पंकज, हार्डवेअरचं दुकान, गोरागोमटा, केसांना तेलाऐवजी काहीतरी ट्यूबमधलं. घरात हिंदी. आईवडील बोलायला गोड. बाबांना स्थळ बघायच्या आधीच पसंत होतं, कारण मावसाजींनी सांगितलं होतं, पोरगा तेज आहे.

ताईनं पोहे दिले, सगळ्यांच्या पाया पडली, आणि भिंतीला टेकून उभी राहिली. प्रश्न संपले. अशा वेळी जी शांतता पडते ती मला कधीच सोसत नाही. तेवढ्यात पंकजची नजर टीव्हीखाली गेली. "अरे, ये तो हमारे हॉस्टल में थी! चलती है?"

"चलती नहीं, दौड़ती है," मी म्हणालो. सपरीत वीज होती, वीस माणसं होती, आणि माझ्या अंगात नट संचारला होता. मी डबा लावला, यादी उघडली, पिवळ्याचा रिमोट पंकजच्या हातात दिला. दुसरा माझ्याच हातात होता. पण मी एकदम "आई गं!" करून अंगठा तोंडात घातला. सकाळी वडे तळताना भाजलाय, म्हणालो. भाजला बिजला काही नव्हता. ताईनं माझ्याकडं असं बघितलं की खरोखर भाजल्यासारखं वाटलं. पंकजची आई हसली, "खेलने दो बेटा, अब कौन पुराना ज़माना है." बाबा काही बोलणार, त्याआधीच रिमोट ताईच्या हातात गेला होता. आणि मी बघितलं, सवयीनं तिनं आधी खुंटी मारली.

आता माझा दोष म्हणा किंवा कला म्हणा, मला समोर गर्दी दिसली की गळा आवरत नाही. मी पितळी गडवा तोंडाशी धरून पटातल्या माईकवाल्याची नक्कल सुरू केली. "हो ऽऽ झेंडी पडली! गोंदियाची जोडी सुटली, सुटली, सुटली ऽऽ!" झालं. सपरीतल्या एकाही म्हाताऱ्यानं जन्मात व्हिडिओगेम बघितला नव्हता, पण पट सगळ्यांनी बघितला होता. पिवळ्या पुढं, हिरव्या मागं. म्हणजे पिवळ्या जिंकतोय, यात कुणालाच शंका उरली नाही. मावसाजी मांडी थोपटायला लागले. "हान बे पिवळ्या! पुढं, पुढं!" बाबा तर उकिडवे बसले, डोळे चमकत होते. पंकज खरंच चपळ होता. फळीवरून फळीवर असा जायचा की मीसुद्धा क्षणभर गडवा खाली केला. मागं हिरव्या एका दगडावर चढायला आणि पडद्याची कड त्याला गाठायला एकच गाठ पडली. चिरडला. बदाम गेला. टाळ्या पडल्या.

"थांबा ना," ताई हळूच म्हणाली. मी शेजारीच होतो म्हणून ऐकू आलं.

"आप आओ ना जल्दी," पंकज हसत म्हणाला, आणि पुढं निघाला.

पुन्हा बदाम गेला. तिसऱ्या खड्ड्यापाशी ताई पुन्हा म्हणाली, "थांबा, मी येऊन राहिली." या वेळी त्याचं लक्ष पुढच्या काट्यांवर होतं. शेवटी टप्पा संपतो त्या झेंड्यापाशी पिवळ्या एकटाच पोहोचला, ढोलीत एकच बदाम उरला होता, आणि सपरी दणाणून गेली. पंकजनं रिमोट ठेवला, घाम पुसला आणि ताईला अगदी आपुलकीनं म्हणाला, "थोड़ा जल्दी चलाया करो." ताई चहा आणायला आत गेली. पाहुणे निघाले तेव्हा बाबांनी पंकजच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मावसाजींमार्फत होकार कळवायचा ठरला. होकारच. नकाराचा विषयही कुणी काढला नव्हता.

सकाळी ताईनं काढला. बाबा चहात मुरमुरे टाकून खात होते. "बाबा, मी नाही म्हनते."

"काऊन?"

"तो थांबत नाही."

बाबांनी आधी मायकडं बघितलं, मग माझ्याकडं, जणू आम्ही दोघांनी तिला काही खायला घातलं होतं. "पटात थांबते का कोनी? जिकला तो! साऱ्या गावानं पाह्यलं. गेममधी हारली म्हनून सोयरिक मोडतं का वो तू?"

"हारली नाही मी. तो पट नोहे, बाबा."

"मंग काय हाय?"

ताईला सांगता येईना. ती शिकलेली, बोलायला खमकी, पण वीस माणसांनी एक गोष्ट एका तऱ्हेनं बघितल्यावर ती दुसऱ्या तऱ्हेची होती हे कुठल्या तोंडानं सांगायचं? बाबांचा आवाज चढायला लागला. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्यावर चमचा उगारला. तेव्हा माय चुलीपासून उठली, हाताला बेसन तसंच. "वरडून कायले राहिले? एक डाव खेलून तं पाहा. मी रोज पाहून राहिली. मले समजलं, तुमाले समजन नाही का?"

मायला समजतं आणि आपल्याला नाही, हे बाबांना सहन होण्यातलं नव्हतं. ते आले, टीव्हीसमोर बसले, आणि रिमोट कासऱ्यासारखा दोन मुठींत धरला. "लाव." ताईनं खुंटी उघडली, आदल्या दिवशीची. तोच टप्पा, तेच तोंड, पूर्ण भरलेली ढोली. पिवळ्या आणि हिरव्या शेजारी शेजारी उभे. कालची दुपार कुणीतरी जशीच्या तशी काढून समोर ठेवावी तसं ते होतं. त्या घरगुती किल्लीला मी तेव्हा मनातल्या मनात नमस्कार केला.

बाबा सुटले. पिवळ्याला नुसतं उजवीकडं दाबून धरलं, खड्डा पाहिला नाही, काटा पाहिला नाही, नशिबानं दोन्ही ओलांडले. मागं हिरव्या चिरडला. "जिकलो का?" बाबा म्हणाले. कुणी बोललं नाही. मीही नाही, आणि हे माझ्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही. ते पुन्हा धावले, हिरव्या पुन्हा गेला. तेव्हा त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "मेला तुया हिरव्या. बदाम माया कायले कमी झाला?"

"तुमचा माझा वेगळा नाही, बाबा. ढोली एकच हाय."

पुढच्या खड्ड्याशी ताई आधी पोहोचली, पलीकडं गेली, आणि रिमोट मांडीवर ठेवला. बाबांनी उडी मारली, पडले. त्यांचं सगळं अंग उडी मारायचं, फक्त बोट मारायचं नाही. पुन्हा पडले. पलीकडं हिरव्या खाली बसला आणि पाय हलवू लागला. "हे काय करून राहिलं?"

"वाट पाहून राहिलं."

"तू जाय ना पुढं! तुले तं येते."

"ये ना आरामात," ताई म्हणाली. बाबांना ती एरवी "तुमी" म्हणायची. खेळाच्या नादात "ये" निघून गेलं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. बाबा पडत राहिले. माय दारात, हातावरचं बेसन वाळलेलं. कितव्या उडीला ते पलीकडं पोहोचले कुणास ठाऊक, पण पोहोचले तेव्हा हिरव्या उठला, चड्डी झटकली, आणि दोघं सोबत चालायला लागले. झेंड्यापाशी गेले तेव्हा ऊन अंगणाच्या मधोमध आलं होतं.

बाबांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. थंडी पडली नव्हती, तरी ते चोळत बसले. "आमी पट समजून राहिलो," ते म्हणाले. "दोन जोड्या हायेत म्हनून. हे तं एकाच छकड्याचे बैल हायेत." मग थोड्या वेळानं, "त्याले माहीत नसन. आमीच वरडत होतो ना, पुढं, पुढं म्हनून."

"मी दोनदा म्हटलं, थांबा," ताई म्हणाली.

"दोनदा?"

"दोनदा."

मी मान हलवली. बाबांनी दुपट्टा खांद्यावर टाकला, चपला घातल्या आणि मावसाजींकडं निघाले. मी अर्थातच मागं गेलो. असा प्रवेश मी सोडीन होय? मावसाजी हादरले. "अगा, पन कारन काय सांगू त्यायले?" बाबा विचारात पडले आणि म्हणाले, "सांग, छकडं आडवं होते." मावसाजींना ते आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी तिकडं पत्रिका जुळत नाही असं सांगितलं म्हणे.

त्यानंतर बाबांनी स्वतःची एक परीक्षा काढली. कुणी मुलगा बघायला आला की ते त्याला तलाव दाखवायच्या निमित्तानं पाळीवर न्यायचे, आणि अर्ध्या वाटेत "चपलेत खडा गेला" म्हणून खाली बसायचे. कितीतरी वेळ बसायचे. चपलेत खडा नसायचाच. दोन होतकरू जावई बोलत बोलत पार देवळापर्यंत एकटे निघून गेले. सालेकशाचा एक किरकोळ अंगाचा, दातांत फट असलेला वनखात्याचा नोकर मात्र थांबला. नुसता थांबला नाही, बाबांची चप्पल हातात घेऊन उन्हात धरून खडा शोधत बसला, आणि सापडेना तेव्हा स्वतःच ओशाळला. तो आमचा जावई. त्याला आजही तो खेळ येत नाही. रिमोट दिला तर उलटा धरतो.

पंकजबद्दल मी पुढं पुष्कळ विचार केला. वीस माणसं बोंबलत असताना कोण थांबतं? मी त्या वयात थांबलो असतो का, हे मला विचारू नका. काही वर्षांनी गोंदियाला त्याच्या दुकानात बिजागऱ्या घ्यायला गेलो. त्यानं ओळखलं, गिऱ्हाईक बाजूला ठेवून मला खुर्ची दिली, चहा मागवला. त्याची मुलगी काउंटरमागं अभ्यास करत होती. निघताना म्हणाला, "वो गेम अभी भी है क्या? उसमें दोनों को साथ पहुँचना था ना? मुझे बहुत बाद में समझा." मी हो म्हणालो. बिजागऱ्यांचे पैसे त्यानं घेतले, पण अंमळ कमी घेतले.

गेल्या मंडईला ताई आली होती. केस पांढरे झालेत, शाळेत मुख्याध्यापिका आहे, पोरं तिच्या चष्म्याला घाबरतात. माळ्यावरून डबा काढला. बाबा बाजेवर, खांदा पूर्वीपेक्षा खाली. माय चुलीपाशी वडे थापत. कार्ड लागेल असं मला वाटलं नव्हतं, पण हिरवी अक्षरं उगवली, आणि यादीच्या तळाशी ती खुंटी तशीच होती. तोच टप्पा, भरलेली ढोली. माझा अंगठा आता खरोखरच बधिर असतो, या वेळी नाटक नाही. पहिल्याच खड्ड्यात पिवळ्या पडला. पुन्हा पडला. ताई केव्हाची पलीकडं गेली होती. बाजेवरून बाबा म्हणाले, "पुढं नोको जाऊ वो, येऊन राहिला तो."

"मी कुठं चालली?" ताई म्हणाली, आणि शिंगाडा सोलायला घेतला. तेलाचा वास बदलत चालला होता. माय दारात उभी होती, वडा हातात तसाच. पलीकडं हिरव्या खाली बसला आणि पाय हलवू लागला.